गेम खेळताना तीन-चारच कोर राबतात, बाकीचे रिकामे. आणि लॅपटॉपचा फ्रेम रेट दिवसेंदिवस घसरतोय

फ्रेमवेडा

नमस्कार मंडळी. गेमिंग लॅपटॉप घेऊन तीन वर्षं उलटून गेली. सहा कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), बारा थ्रेडचा (एका वेळी चालणारे कामाचे धागे) प्रोसेसर, मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, ६ जीबीचं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, विंडोज ११. नवा होता तेव्हा मोठ्या शहरात फिरायचा जो खुल्या जगाचा गेम मी खेळतो, तो मध्यम सेटिंगवर सेकंदाला ७५-८० फ्रेम (चित्रं) द्यायचा. आता सुरुवातीला ७० मिळतात आणि थोड्या वेळाने ४५ वर येऊन बसतो, कधी ४० च्याही खाली.

टास्क मॅनेजरमध्ये ग्राफवर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ लावून पाहिलं तर चित्र विचित्र दिसतं. ०, २ आणि ४ नंबरचे चौकोन ८०-९० टक्क्यांवर, १, ३, ५ जेमतेम १०-१५, आणि शेवटचे दोन तर जवळजवळ झोपलेले. एकूण सीपीयू वापर ३५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दोन तृतीयांश प्रोसेसर मोकळा आणि तरी फ्रेम पडतात. हे कोर समान कसे वापरायचे? काही कोर मेले आहेत का? ड्रायव्हर नवे टाकून झाले, गेमच्या फायली तपासून झाल्या. फरक नाही.

निशाचर

कोर पार्किंग (रिकामे कोर झोपवून ठेवणं) बंद करा. रिसोर्स मॉनिटर उघडलं की काही कोरपुढे ‘पार्क्ड’ दिसेल. ते अनपार्क करायची छोटी साधनं मिळतात, रजिस्ट्रीतूनही करता येतं. शिवाय एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या साधनामध्ये बूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ला टिक करून १२ निवडा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये गेमची ॲफिनिटी (कोणते कोर वापरायचे ती निवड) सगळ्या कोरना लावून ठेवा.

तापमापी

निशाचर, यातली एमएसकॉन्फिगची सूचना कृपया कोणी पाळू नये. ती चौकट चाचणीसाठी आहे आणि तिचं काम कोर *कमी* करणं एवढंच आहे. टिक नसली की विंडोज असतील तितके सगळे कोर वापरतंच. तिथे आधीपासून टिक असेल तर उलट काढून टाका. ‘वेग वाढवा’ छापाचे व्हिडिओ पाहून कुणीतरी ४ निवडून ठेवलेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो.

आता मूळ प्रश्न. फ्रेमवेडा, तुमच्या आलेखात मला बिघाड दिसत नाही. ०, २, ४ भरलेले आणि १, ३, ५ रिकामे, या रचनेलाच अर्थ आहे. तुमच्याकडे खरे कोर सहा आहेत, बारा नाहीत. प्रत्येक कोर विंडोजला दोन दिसतो: ० आणि १ हा एक कोर, २ आणि ३ हा दुसरा. एकाच कोरमध्ये दोन कामं कोंबली की दोघं एकमेकांच्या वाट्यातलं खातात, म्हणून विंडोज आधी प्रत्येक कोरच्या पहिल्या थ्रेडला काम देतं आणि गरज पडली तरच दुसऱ्याला. सम आकडे राबताहेत आणि विषम मोकळे आहेत, याचा अर्थ शेड्यूलर (कोरना काम वाटणारा विंडोजचा भाग) आपलं काम नीट करतोय.

एकूण ३५ टक्के हा आकडाही फसवा आहे. बारा थ्रेडच्या यंत्रात एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा ८.३ टक्केच वाढतो. गेमचा मुख्य थ्रेड गळ्यापर्यंत आलेला असताना टास्क मॅनेजर ‘३५ टक्के’ म्हणू शकतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. त्यात विंडोज एकच थ्रेड क्षणाक्षणाला वेगवेगळ्या कोरवर हलवत असतं. तो सेकंदाच्या सरासरीत पाहिला की एका भरलेल्या थ्रेडचे चार अर्धवट चौकोन दिसतात.

पार्किंगचं म्हणाल तर पार्क केलेला कोर कामाची गर्दी झाली की लगेच जागा होतो. लॅपटॉपमध्ये विजेचं बजेट ठरलेलं असतं. रिकामे कोर जागे ठेवले तर राबणाऱ्या कोरच्या वाट्याची वीज तेवढी कमी होते. मिळकत शून्य.

रात्रपाळी

मी गेम इंजिनावर काम करतो, म्हणून या विषयावर थोडं लांबवतो.

‘सगळे कोर समान का वापरत नाही’ हा प्रश्न आम्हाला फार विचारला जातो. ६० फ्रेमसाठी प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात खेळाडूची कळ वाचायची, जगातल्या माणसांनी आणि गाड्यांनी काय करायचं ते ठरवायचं, टकरा मोजायच्या, हालचाली जुळवायच्या, काय दिसतंय ते निवडायचं आणि शेवटी ग्राफिक्स कार्डाला आज्ञांची यादी द्यायची. यातलं बरंच काम एकमेकांवर अवलंबून आहे. सहा गवंडी असले तरी खालचा थर रचल्याशिवाय वरचा थर रचता येत नाही, तसंच हे. टकरा मोजल्याशिवाय पात्र कुठे उभं आहे ते कळत नाही आणि ते कळल्याशिवाय ते चितारता येत नाही.

१९६७ मध्ये जीन ॲमडाल यांनी याचं गणित मांडलं. समजा कामाचा ६० टक्के भाग वाटून घेता येतो आणि ४० टक्के एकाच थ्रेडवर करावा लागतो. सहा कोर लावले तर ६० चे १० होतात, ४० मात्र तसेच राहतात. शंभराचे पन्नास, म्हणजे वेग फक्त दुप्पट. कोर हजार लावा, अडीचपटीच्या पुढे जाणार नाही. ते ४० टक्के ज्या एका कोरवर चालतात, त्याचा *वेग* हाच तुमच्या फ्रेम रेटचा मालक.

डायरेक्टएक्स म्हणजे गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला सॉफ्टवेअरचा दुवा. डायरेक्टएक्स ११ वर चालणाऱ्या गेममध्ये हे जास्त जाणवतं, कारण ग्राफिक्स कार्डाला आज्ञा देण्याचं काम तिथे मुख्यतः एका थ्रेडवरून होतं. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत डायरेक्टएक्स १२ आलं, २०१६ मध्ये व्हल्कन हा तसाच दुसरा दुवा आला. या दोन्हींत आज्ञांच्या याद्या अनेक थ्रेडवर तयार करता येतात. तुमच्या गेममध्ये दोन्ही पर्याय असतील तर एकदा १२ लावून बघा. पण सगळे चौकोन समान भरलेले दिसतील ही अपेक्षा तिथेही नको.

मला तुमच्या पोस्टमधला खरा धागा दुसरीकडे दिसतो. तीन वर्षांपूर्वीही हे कोर असेच असमान असणार, आणि तेव्हा ८० फ्रेम मिळत होते. जे बदललं ते शोधायला हवं. सुरुवातीला ७० आणि नंतर ४५ असं तुम्हीच लिहिलंय. वेळेप्रमाणे घसरतंय, हे महत्त्वाचं.

फ्रेमवेडा

खूप आभार दोघांचे. सम-विषमचा खुलासा वाचून जीव भांड्यात पडला, कोर मेले नाहीत तर. एमएसकॉन्फिगची चौकट रिकामीच आहे. गेम डायरेक्टएक्स १२ वरच चालतो. आता वेळेप्रमाणे काय बदलतंय हे कसं शोधू? मोजायचं काय?

तापमापी

एचडब्ल्यूइन्फो६४ हे वेग-तापमान मोजणारं साधन घ्या, ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडून चालू करा. फुकट आहे. आफ्टरबर्नर असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसत राहतील, म्हणजे गेममधून बाहेर यायला नको. बाहेर आलात की ताण उतरतो आणि आकडे खोटं बोलू लागतात. गेम अर्धा-पाऊण तास खेळा आणि पुढच्या गोष्टी एकाच वेळी बघा: प्रत्येक कोरचा वेग, प्रत्येक कोरचं तापमान, सीपीयू पॅकेज पॉवर (प्रोसेसर एकूण किती वीज खातो), ग्राफिक्स कार्डाचा वापर, तापमान आणि वॅट. एचडब्ल्यूइन्फोत ‘थर्मल थ्रॉटलिंग’ (तापल्यामुळे वेग कमी करणं) आणि ‘पॉवर लिमिट एक्सीडेड’ अशा ओळी प्रत्येक कोरपुढे असतात, तिथे ‘येस’ कुठे येतं ते पाहा.

वाचायचं कसं ते सांगतो, कारण नुसते आकडे पाहून लोक घाबरतात.

वेग सुरुवातीला चढा, आणि साधारण अर्ध्या मिनिटात उतरून एका पातळीवर स्थिर, तापमान मात्र आटोक्यात, असं दिसलं तर ती विजेची मर्यादा आहे. इंटेलच्या प्रोसेसरांना दोन मर्यादा असतात: थोड्या वेळासाठी जास्त वॅट, ठरलेला वेळ सरला की कमी. गेमिंग लॅपटॉपमधल्या एच मालिकेच्या अनेक चिपांना ही दुसरी मर्यादा ४५ वॅट धरलेली असते आणि वेळ बहुधा २८ सेकंद. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. पण ४५ ऐवजी २५-३० वरच अडकत असेल तर उत्पादकाच्या कंट्रोल ॲपमध्ये ‘सायलेंट’ मोड लागलाय का ते बघा. बायोस (लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर) किंवा ॲप अपडेट झालं की हा मोड आपोआप बदललेला मी पाहिलाय.

काही मिनिटांनी हळूहळू घसरत असेल आणि तापमान ९५ च्या पुढे असेल, तर उष्णता.

वेग पहिल्या क्षणापासून २.६ च्या वर जातच नसेल तर टर्बो (मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय) बंद आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के केलं की टर्बो पूर्ण बंद होतो. उन्हाळ्यात लॅपटॉप थंड राहावा म्हणून हा उपाय सर्रास सांगितला जातो आणि नंतर विसरला जातो.

वेग ८०० मेगाहर्ट्झवर खिळून बसला आणि तापमान मात्र ५०-६०, असं असेल तर प्रोसेसरला बाहेरून कुणीतरी ‘थांब’ म्हणतंय. अडॅप्टर ओळखला जात नाही, मदरबोर्डवरचा वीजपुरवठ्याचा भाग तापलाय किंवा एखादा सेन्सर खोटी आरोळी ठोकतोय.

आणि सीपीयूचा वेग उत्तम, ग्राफिक्स कार्डाचा वापर ९७-९९ टक्के, तरी फ्रेम कमी? मग प्रोसेसर निर्दोष आहे. ग्राफिक्स कार्ड तापतंय, नाहीतर गेमच जड झालाय. गेमच्या अपडेटमध्ये टेक्स्चर वाढतात आणि ६ जीबीची मेमरी भरून वाहू लागते. तिथे टेक्स्चर एक पायरी खाली आणली की झटके थांबतात.

स्क्रूड्रायव्हर

तापमापींनी सगळं लिहिलंय, एकच जोडतो. प्रत्येक कोरचं तापमान *वेगवेगळं* लिहून आणा. सरासरी नको, सर्वाधिकही नको. सहाच्या सहा आकडे.

फ्रेमवेडा

मोजलं. लॅपटॉप टेबलावर, मूळ अडॅप्टर लावून, कंट्रोल ॲपमध्ये ‘परफॉर्मन्स’ मोड.

पहिली काही मिनिटं: वेग ३.९ गिगाहर्ट्झ, ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्के, ७० फ्रेम.

नंतर: वेग २.२ च्या आसपास वर-खाली, पॅकेज पॉवर २४ ते २७ वॅट, ग्राफिक्स कार्डाचा वापर ६० टक्क्यांवर आला, त्याचं तापमान ८४. फ्रेम ४५.

कोरची तापमानं त्याच वेळी: ८४, ८५, ८६, ९८, ९९, ८३. थर्मल थ्रॉटलिंग ‘येस’ फक्त चौथ्या आणि पाचव्या कोरपुढे. पॉवर लिमिट सगळीकडे ‘नो’.

चार कोर ८५ वर आहेत, म्हणजे उष्णता ठीकच म्हणायची ना? दोनच कोर तापतात. पुन्हा असमानपणाच आला.

स्क्रूड्रायव्हर

हो, आणि हा असमानपणा खरा आहे. बघायचा तो हाच.

सहाही कोर एकाच चिपेवर, बोटाच्या पेराएवढ्या जागेत आहेत. शेजारी-शेजारी. पाच-सात अंशांचा फरक साधा आहे, कारण मधल्या कोरला दोन्ही बाजूंनी धग लागते आणि कामही कमी-जास्त असतं. पण १५-१६ अंशांचा फरक, आणि तोही दोन लगतच्या कोरवर, म्हणजे त्या भागावरून उष्णता तांब्याच्या पट्टीत जात नाही. चिप आणि पट्टी यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट तिथून सरकली आहे.

लॅपटॉपच्या चिपेवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं. उघडं सिलिकॉन, त्यावर पेस्टचा पातळ थर, त्यावर थेट कूलरची पट्टी. गेम चालू केला की हे तापून किंचित फुगतं, बंद केला की आकसतं. हे वर्षानुवर्षं होत राहिलं की पातळ पेस्ट मधून कडेला ढकलली जाते. जी उरते ती वाळून कोरडी होते. मी उघडलेल्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये चिपेच्या कडेला पेस्टची भिंत आणि वर एका कोपऱ्यात उघडा आरसा दिसतो.

आणि ‘बाकीचे चार ठीक आहेत’ याला अर्थ नाही. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांत एक कोर हद्दीला टेकला की सगळ्यांचाच वेग खाली येतो. दोन कोरच्या पायी सहाही २.२ वर आले. तुमचे वॅट बघा: ४५ ची परवानगी असताना २५ वर चालतोय. वीज आहे, घ्यायची ताकद आहे, पण उष्णता बाहेर काढायला वाट नाही.

रात्रपाळी

वरच्या आकड्यांत अजून एक गोष्ट सगळ्यांनी बघण्यासारखी आहे. ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ वरून ६० वर *उतरला*. पुष्कळ जण हे पाहून म्हणतात, ‘ग्राफिक्स कार्ड नीट काम करत नाहीये, ड्रायव्हर बदला’. प्रत्यक्षात ते कामाची वाट पाहत बसलंय. मुख्य थ्रेडचा वेग ३.९ वरून २.२ वर आला, म्हणजे आज्ञांची यादी पावणेदोन-पट उशिरा तयार होतेय. ७० चे ४५ का झाले याचं उत्तर एवढंच आहे.

खात्री करायची तर फ्रेम पडलेल्या अवस्थेत रिझोल्यूशन एकदम कमी करा. फ्रेम तेवढेच राहिले तर अडथळा प्रोसेसरकडे आहे. वाढले तर ग्राफिक्स कार्डाकडे.

फ्रेमवेडा

केलं. ७२० पर्यंत खाली आणलं, फ्रेम ४६. प्रोसेसरच.

पेस्ट स्वतः बदलावी का? मी लॅपटॉप कधी उघडलेला नाही.

स्क्रूड्रायव्हर

हमी शिल्लक असेल तर आधी तिच्या अटी वाचा. हमी संपली असेल आणि हात स्थिर असेल तर होण्यासारखं काम आहे, पण पहिल्यांदा करताना शेजारी जाणता माणूस असलेला बरा. तुमच्या नेमक्या मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ आधी पूर्ण बघा. लपलेला एक स्क्रू राहिला आणि झाकण ओढलं की कीबोर्डची रिबन फाटते.

काम करताना या गोष्टी सोडू नका. पूर्ण बंद करा, अडॅप्टर काढा, झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. कूलरच्या स्क्रूशेजारी १, २, ३ असे आकडे छापलेले असतात. बसवताना त्या क्रमाने आणि प्रत्येक थोडा-थोडा करत आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर पट्टी तिरकी बसते, आणि आज जो फरक कोरमध्ये दिसतोय तोच नव्या पेस्टवरही दिसेल. कडक झालेला कूलर ओढून काढू नका, हलकेच फिरवून सोडवा. थोडा वेळ लॅपटॉप चालवून कोमट केला की पेस्ट सैल होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसा.

जुन्या पेस्टचा थर पाऱ्यासारखा चकाकता, पातळ दिसला तर तिथेच थांबा. तो लिक्विड मेटल आहे, वीज वाहून नेतो. थेंब बाजूच्या घटकांवर पडला तर बोर्ड जातो. ते काम जाणकाराचं. आणि स्वतःहून लिक्विड मेटल घालायचा मोह टाळा. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं.

नवी पेस्ट जाडसर, घट्ट निवडा. डेस्कटॉपसाठी गाजलेल्या पातळ पेस्ट लॅपटॉपच्या उघड्या चिपेवर लवकर सरकतात. हनीवेलची पीटीएम७९५० ही फेज-चेंज पट्टी मिळाली तर उत्तम. ती गरम झाल्यावर मऊ होऊन पसरते आणि कडेला ढकलली जाण्याचा त्रास फार कमी.

आणि पंखे. पाती पुसून लोक समाधानी होतात, खरा चोर पंखा आणि तांब्याच्या पातळ पत्र्यांच्या मध्ये बसलेला असतो. तिथे धुळीची नमद्यासारखी चादर तयार होते. बाहेरून फुंकर मारली तर ती आतच घट्ट होते. पंखा काढून ती चिमट्याने उचला. हवा मारायची असेल तर पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा भन्नाट फिरू देऊ नका.

पेंग्विन

लिनक्सवाल्यांसाठी हीच तपासणी: टर्बोस्टॅट चालवलं की प्रत्येक कोरचा प्रत्यक्ष वेग, तापमान आणि पॅकेजचे वॅट एकाच तक्त्यात मिळतात. एचटॉपमधल्या उभ्या-आडव्या पट्ट्या पाहून निष्कर्ष काढू नका, त्यात भार दिसतो, वेग नाही. इंटेलच्या चिपेवर गव्हर्नर (वेग ठरवणारी व्यवस्था) ‘पॉवरसेव्ह’ दिसला म्हणून दचकू नका; इंटेल पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये त्या नावाखाली वेग गरजेनुसार वर जातोच.

नवाकोरा

धागा चोरल्याबद्दल माफी, पण माझीही अशीच तक्रार आहे आणि लॅपटॉप नवा आहे. इंटेलची बारावी पिढी. सुरुवातीचे चौकोन भरलेले आणि शेवटचे आठ जवळजवळ रिकामे. तापमान ७० च्या आत. तरीही फ्रेम रेट मित्राच्या त्याच लॅपटॉपच्या निम्म्याने कमी. सुरुवातीला चांगला होता, अलीकडे बिघडला.

तापमापी

नवाकोरा, शेवटचे आठ हे तुमचे ई-कोर असणार. बाराव्या पिढीपासून इंटेलने एकाच चिपेत दोन जातींचे कोर ठेवले: ताकदवान पी-कोर आणि काटकसरी ई-कोर. गेमचं मुख्य काम पी-कोरवर जाणं आणि ई-कोरनी ब्राउझर, डाउनलोड असली किरकोळ कामं उचलणं, हीच अपेक्षा आहे. विंडोज ११ ला प्रोसेसर स्वतः याबद्दल सूचना देत असतो. तिथे समानता आणायला गेलात तर मुख्य थ्रेड ई-कोरवर जाईल आणि फ्रेम पडतील. ते आठ चौकोन तसेच राहू द्या.

तुमचं तापमान ७० आहे, म्हणजे यंत्र कष्टच करत नाहीये. वॅट किती दिसतात, दोन्हींचे? आणि चार्जर कोणता लावता?

नवाकोरा

सीपीयू २० वॅट, ग्राफिक्स कार्ड ३५. चार्जर टाइप-सीचा ६५ वॅटचा, प्रवासात हलका पडतो म्हणून घेतला होता, आता घरीही तोच लावतो. ‘चार्जिंग’ असं दाखवतो व्यवस्थित.

तापमापी

तोच चोर. लॅपटॉपसोबत आलेला जाड अडॅप्टर बघा, त्यावर २०० च्या आसपास वॅट लिहिलेले असतील. गेम खेळताना सीपीयू, ग्राफिक्स कार्ड आणि पडदा मिळून ६५ वॅटमध्ये भागत नाही, म्हणून लॅपटॉप स्वतःच दोघांना आखडतं घ्यायला लावतो. ‘चार्जिंग’चं चिन्ह फक्त वीज येतेय एवढंच सांगतं, पुरेशी येतेय का ते नाही.

जोडीला बॅटरीही बघून घ्या. काही लॅपटॉप ताणाच्या क्षणी अडॅप्टरच्या मदतीला बॅटरीतूनही वीज ओढतात; बॅटरी थकली की तो आधार जातो. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीला बॅटरी रिपोर्टचा पर्याय देऊन चालवा, एक पान तयार होईल. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ शेजारी-शेजारी ठेवून पाहा.

निशाचर

मीही माझ्या लॅपटॉपवर मोजून पाहिलं. अनपार्क केलेलं आणि मूळचं, दोन्हीत सरासरी फ्रेम सारखेच आले, नुसतं बसलेलं असताना तापमान मात्र अनपार्कमध्ये जास्त. परत मूळ सेटिंगवर आणलंय.

एक विचारतो: विंडोज ११ मधल्या ‘मेमरी इंटिग्रिटी’बद्दल ऐकलं होतं, त्याने फ्रेम पडतात म्हणे?

रात्रपाळी

पडतात, पण थोडे, आणि सगळ्या गेममध्ये नाही. मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये लिहिलं होतं की गेम खेळण्यापुरतं हे बंद करता येईल, नंतर परत चालू करा. हे संरक्षण ड्रायव्हरच्या पातळीवरच्या हल्ल्यांपासून आहे. ज्या यंत्रावर बँकेची कामं होतात तिथे मी ते बंद करणार नाही. शिवाय त्याने घसरण झाली तर ती पहिल्या मिनिटापासून दिसेल. काही मिनिटांनी फ्रेम पडतात याचं कारण ते असू शकत नाही.

फ्रेमवेडा

मंडळी, काम झालं. हार्डवेअरचं काम करणाऱ्या एका मित्राला सोबत घेऊन उघडलं. स्क्रूड्रायव्हर, तुम्ही लिहिलं तसंच्या तसं दिसलं: चिपेच्या एका बाजूला पेस्ट जवळजवळ नव्हतीच, कडेला सुकून जमा झालेली. उजव्या पंख्यामागे धुळीची चादर होती, अखंड तुकडा निघाला. फेज-चेंज पट्टी लावली, स्क्रू छापलेल्या क्रमाने आवळले.

तोच गेम, तीच जागा, तेच सेटिंग. कोरची तापमानं ७९, ८१, ८१, ८४, ८३, ७९. वेग ३.७ च्या आसपास टिकून, पॅकेज पॉवर ४५ वॅट. थर्मल थ्रॉटलिंग सगळीकडे ‘नो’, पॉवर लिमिट मात्र आता ‘येस’ येतंय. ग्राफिक्स कार्ड ९३-९५ टक्के. फ्रेम ७० आणि तासभर खेळूनही ७०.

टास्क मॅनेजरचा आलेख मुद्दाम उघडून पाहिला. ०, २, ४ भरलेले, १, ३, ५ मोकळे, शेवटचे दोन निवांत. अगदी आधीसारखाच.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पॉवर लिमिट ‘येस’ येतंय त्याचं काही करायचं का? आणि बाजाराच्या भागात, जिथे गर्दी फार आहे, तिथे अजून ५२-५५ वर येतं आणि झटके बसतात. नवा असताना तिथे काय मिळायचं ते आठवत नाही. आणि ७० चे पुन्हा ८० होतील का?

स्क्रूड्रायव्हर

पॉवर लिमिट ‘येस’ ही चांगली बातमी समजा. आता अडवतोय तो ४५ वॅटचा ठरवलेला आकडा, उष्णता नव्हे. तिथेच असायला हवं. व्होल्टेज कमी करून तेवढ्याच विजेत थोडा जास्त वेग काढता येतो, पण २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली फट उघड झाल्यावर अनेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये तो मार्ग बंद केला गेला. तुमच्याकडे बंद असेल तर बायोस जुना करून तो उघडायच्या फंदात पडू नका.

आता दर काही महिन्यांनी ती सहा तापमानं लिहून ठेवत जा. फरक दहाच्या पुढे सरकू लागला की उघडायची वेळ जवळ आली.

रात्रपाळी

बाजारात जे होतंय ते मुख्य थ्रेडचं काम आहे. प्रत्येक चालणाऱ्या माणसाने कुठे वळायचं, कुणाला टाळायचं हे ठरवायचा भार सीपीयूवर पडतो. तिथे ग्राफिक्सचे पर्याय खाली आणून फार उपयोग नाही. ‘क्राउड डेन्सिटी’ एक पायरी कमी करा, ‘ड्रॉ डिस्टन्स’ थोडं आत ओढा. हे दोन सीपीयूला हलकं करतात. सावल्यांची गुणवत्ताही थोडी कमी करा, कारण सावलीसाठी प्रत्येक वस्तू पुन्हा चितारायची आज्ञा द्यावी लागते.

मग फ्रेम रेटला ६० ची मर्यादा घाला. ७० आणि ५२ च्या मध्ये झोके खाण्यापेक्षा स्थिर ६० डोळ्याला कितीतरी गुळगुळीत दिसतं, आणि मोकळ्या रस्त्यावर वाचलेली वीज आणि उष्णता बाजारात शिरताना कामी येते. मोजताना सरासरी न पाहता ‘१ टक्के लो’ (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा दर) पाहा, झटके तिथे सापडतात.

७० आणि ८० मधला फरक गेमच्या अपडेटचा असण्याची शक्यता जास्त. ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांवर आहे, म्हणजे ते पूर्ण ताकदीने काम करतंय. टेक्स्चर सोडून दुसरं काही, धुकं किंवा प्रतिबिंब, एक पायरी खाली आणलं तर मिळतील.

फ्रेमवेडा

गर्दी ‘मध्यम’, सावल्या एक पायरी खाली, मर्यादा ६०. बाजारात ५८-६०, १ टक्के लो ५१. झटके जवळजवळ गेले. पंख्यांचा आवाजही उतरलाय. धुकं कमी करून नंतर बघतो, पण आता खेळायला बसतो.

नवाकोरा

मूळ अडॅप्टर शोधून लावला. त्यावर २३० वॅट लिहिलंय. सीपीयू ४५ वर, ग्राफिक्स कार्ड ११० वर, फ्रेम मित्राइतकेच. बॅटरी रिपोर्टमध्ये फुल चार्ज कपॅसिटी मूळच्या ९४ टक्के आहे. ई-कोर अजून रिकामेच दिसतात, राहू देतो. तापमान ७० वरून ८८ झालंय, हे ठीक आहे ना?

स्क्रूड्रायव्हर

ठीक. कोरमधला फरक किती?

नवाकोरा

पी-कोरमध्ये सर्वांत गरम ८८, सर्वांत थंड ८३.

स्क्रूड्रायव्हर

मग काहीही उघडू नका. मागची बाजू टेबलापासून थोडी उचलून ठेवा, खालच्या जाळ्यांना हवा मिळू द्या, आणि गादीवर ठेवून खेळू नका.